दीर्घिकांची गती आणि त्यांचा भूतकाळ

सूर्य आपली संपूर्ण ग्रहमाला घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरत आहे. तरीही त्याला एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास २२ ते २३ कोटी वर्षे लागतात. दीर्घिकांच्या जगातील घडामोडी याच मंद कालमानाने घडत असल्यामुळे मानवाच्या लिखित इतिहासाच्या चार-पाच हजार वर्षांत एकाही दीर्घिकेचा आकार नजरेला जाणवेल इतका बदललेला नाही. असे असूनही विसाव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञांनी दीर्घिका कशा घडल्या, कशा वाढल्या, कोणी कोणाला सामावून घेतले आणि कोणत्या दीर्घिकांतील ताऱ्यांची निर्मिती मंदावली, याचा इतिहास लिहावयास घेतला व बऱ्याच अंशी तो तडीस नेला. या कामात छायाचित्रांची मदत झाली, पण त्याचा मुख्य आधार ठरली ती दीर्घिकांमधील तारे आणि वायू यांच्या गतीची मोजमापे.

ही मोजमापे ज्या तत्त्वावर होतात ते साधे आहे. ताऱ्याचा किंवा तप्त वायूचा प्रकाश वर्णपटात पसरवला असता त्यात ठरावीक जागी काळ्या किंवा तेजस्वी रेषा दिसतात, आणि कोणत्या मूलद्रव्याची रेषा कोणत्या तरंगलांबीवर असते हे प्रयोगशाळेत आधीच मोजलेले असते. प्रकाशाचा स्रोत निरीक्षकाकडे येत असेल तर या रेषा निळ्या टोकाकडे आणि दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे सरकतात. डॉप्लर परिणाम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सरकण्यावरून दृष्टिरेषेच्या दिशेतील वेग काढता येतो. आकाशाच्या पटलावर ताऱ्याची जागा वर्षानुवर्षे किंचित बदलते, तिला निजगती म्हणतात. दोन्ही गती व अंतर ठाऊक झाले की ताऱ्याची कक्षा मांडता येते आणि गणिताने ती मागे नेता येते.

पहिले वर्णपट

अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातील फ्लॅगस्टाफ येथील लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ च्या सप्टेंबरात देवयानी तेजोमेघाचा वर्णपट घेण्यास आरंभ केला, तेव्हा दीर्घिका ही संकल्पनाच निश्चित झालेली नव्हती. वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लोवेल यांना देवयानीसारखे सर्पिल तेजोमेघ म्हणजे घडत असलेल्या सूर्यमाला असाव्यात असे वाटत होते, आणि त्याच अपेक्षेने त्यांनी स्लायफर यांच्यावर हे काम सोपवले होते. २४ इंची दुर्बिणीतून येणारा प्रकाश इतका क्षीण होता की एकेका काचपट्टीसाठी अनेक तासांचे, कधी सलग काही रात्रींचे उद्भासन द्यावे लागे. हाती आलेला निष्कर्ष मात्र अपेक्षेच्या पलीकडचा होता: देवयानी तेजोमेघ सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येत होता, आणि तोवर मोजलेल्या ताऱ्यांच्या वेगांच्या मानाने हा वेग फारच मोठा होता. पुढे १९१४ मध्ये स्लायफर यांनी १५ सर्पिल तेजोमेघांचे वेग जाहीर केले. त्यांपैकी बहुतेक आपल्यापासून दूर जात होते.

त्याच वर्षी स्लायफर यांनी कन्या राशीतील एका तेजोमेघाच्या वर्णपटात आणखी एक गोष्ट टिपली. तेजोमेघाच्या एका बाजूच्या रेषा एका दिशेला आणि दुसऱ्या बाजूच्या रेषा विरुद्ध दिशेला कललेल्या होत्या, म्हणजे तो तेजोमेघ स्वतःभोवती फिरत होता. काही वर्षांत कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत फ्रान्सिस पीज यांनी सुमारे ऐंशी तासांच्या उद्भासनाने देवयानीच्या मध्यभागाचे परिवलन मोजले. एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानीत रूपविकारी तारा शोधून ती आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध करण्याआधीच ती फिरते हे ज्ञात झाले होते. आपली आकाशगंगाही फिरते, एवढेच नव्हे तर तिचे आतले भाग कमी काळात व बाहेरचे भाग अधिक काळात प्रदक्षिणा घालतात, हे स्वीडनच्या बेर्टिल लिंडब्लाड यांच्या मांडणीचा आधार घेऊन हॉलंडमधील लायडनच्या यान ऊर्ट यांनी १९२७ मध्ये ताऱ्यांच्या गतींवरून दाखवून दिले. मात्र ताऱ्यांचा प्रकाश धुळीच्या ढगांत अडतो, त्यामुळे आकाशगंगेच्या प्रतलात फार दूरवर पाहणे शक्य नव्हते, आणि ही अडचण दूर करणारे साधन तेव्हा कोणाकडेही नव्हते.

१९४४: दोन शोध

ते साधन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जर्मन अंमलाखालील हॉलंडमध्ये सुचले. रेडिओ लहरी धुळीतून आरपार जातात, आणि त्यांत एखादी वर्णरेषा सापडली तर आकाशगंगेच्या दूरच्या भागांचे वेग मोजता येतील, हे ओळखून ऊर्ट यांनी हेन्ड्रिक व्हॅन डे हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्याला तशी रेषा असू शकते का ते तपासावयास सांगितले. व्हॅन डे हुल्स्ट यांनी १९४४ च्या वसंतात उत्तर दिले: विश्वातील सर्वांत विपुल मूलद्रव्य असलेल्या हायड्रोजनच्या थंड अणूत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या फिरकीची परस्पर दिशा बदलते तेव्हा २१ सेंटिमीटर तरंगलांबीची लहर बाहेर पडते. एकेका अणूत ही घटना आपोआप घडण्यास सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे लागतात. पण दीर्घिकेत हायड्रोजनच एवढा आहे की त्या सर्व अणूंची मिळून लहर पृथ्वीवर ओळखता येईल, असा हिशेब होता.

युद्धाच्या दुसऱ्या बाजूला, त्याच वर्षी, जन्माने जर्मन असल्यामुळे युद्धकार्यापासून दूर ठेवले गेलेले वॉल्टर बाडे माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण वापरत होते. हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिस शहराचे दिवे मालवलेले असल्याने आकाश काळेभोर होते, आणि त्याचा लाभ घेऊन त्यांनी देवयानीच्या मध्यभागातील तारे सुटे करून दाखवले. त्यांवरून त्यांनी ताऱ्यांचे दोन समूह मानले: सर्पिल भुजांमध्ये वायू आणि धुळीच्या सान्निध्यात असणारे तरुण निळसर तारे, आणि दीर्घिकेच्या मध्यभागी व भोवतालच्या विरळ वलयात असणारे वृद्ध तांबूस तारे. दीर्घिकेत वेगवेगळ्या वयाचे तारे वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हा विचार येथून रुजला, आणि त्याने पुढील प्रश्न उभा केला की त्यांच्या गतीही वेगळ्या असतील काय.

रेडिओ रेषेचा प्रत्यक्ष शोध युद्धानंतर लागला. हॉलंडमधील कोटवाइक येथे जर्मनांनी मागे सोडलेल्या रडारची तबकडी वापरून प्रयत्न चालू होते, पण तेथील ग्राहक यंत्रणा आगीत जळाल्याने ते लांबले. दरम्यान हार्वर्ड विद्यापीठात हॅरल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी खिडकीबाहेर बसवलेल्या कर्ण्यासारख्या अँटेनाने २५ मार्च १९५१ रोजी ही रेषा पकडली. श्रेय एकट्याने घेण्याऐवजी त्यांनी डच आणि ऑस्ट्रेलियन गटांना कळवले, दोघांकडून दुजोरा मिळेपर्यंत वाट पाहिली, आणि ते वृत्त ‘नेचर’ नियतकालिकात एकत्रित प्रसिद्ध झाले. विज्ञानातील सौजन्याचे हे उदाहरण आवर्जून नोंदवण्याजोगे आहे. पुढे लायडन आणि सिडनी येथील निरीक्षणे जोडून १९५८ मध्ये ऊर्ट, फ्रँक केर व गार्ट वेस्टरहाउट यांनी आकाशगंगेतील हायड्रोजनचा नकाशा प्रसिद्ध केला; वायूच्या वेगांवरून त्याची जागा ठरवून सर्पिल भुजा रेखाटण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता.

ताऱ्यांच्या कक्षांत जपलेला काळ

गतीवरून इतिहास वाचण्याचे पहिले ठाम उदाहरण १९६२ मध्ये पुढे आले. ओलिन एगेन, डोनाल्ड लिंडेन-बेल आणि ॲलन सँडेज यांनी सूर्याच्या परिसरातून जाणाऱ्या २२१ ताऱ्यांच्या कक्षा काढल्या आणि त्यांची तुलना ताऱ्यांच्या रासायनिक घडणीशी केली. विश्वाच्या आरंभी प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियमच होते. लोह, कॅल्शियम यांसारखी जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात व त्यांच्या स्फोटांत तयार होऊन पुढच्या पिढ्यांच्या वायूत मिसळत गेली, म्हणून ज्या ताऱ्यात ती कमी तो तारा साधारणतः जुना. तिघांना असे आढळले की जड मूलद्रव्यांनी समृद्ध तारे जवळजवळ वर्तुळाकार कक्षांत, आकाशगंगेच्या प्रतलात फिरतात, तर त्यांची वानवा असलेले तारे अतिशय लांबट कक्षांतून केंद्राकडे धाव घेतात आणि पुन्हा दूर जातात.

या फरकामागे वायू आणि तारे यांच्या स्वभावातील मूलभूत भेद आहे. वायूचे दोन ढग एकमेकांवर आदळले की त्यांची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते आणि प्रारणाच्या रूपाने निघून जाते. परिवलनाचा जोर, म्हणजे कोनीय संवेग, मात्र सहजासहजी नाहीसा होत नाही, आणि त्यामुळे वायू हळूहळू एका सपाट, फिरत्या तबकडीत स्थिरावतो. तारे परस्परांपासून इतके दूर असतात की दोन दीर्घिका एकमेकींतून गेल्या तरी ताऱ्यांची टक्कर जवळजवळ होत नाही, आणि म्हणून तारा ज्या गतीने जन्मला तिच्या खुणा अब्जावधी वर्षे टिकून राहतात. वायू आपला भूतकाळ विसरतो आणि तारा तो जपून ठेवतो, असे या नियमाचे थोडक्यात वर्णन करता येईल. त्याच्या आधारे तिघांनी असे अनुमान काढले की आकाशगंगा एका प्रचंड वायुमेघाच्या वेगवान आकुंचनातून निर्माण झाली: जुने तारे मेघ आत कोसळत असताना जन्मले, आणि नवे तारे वायू तबकडीत बसल्यानंतर.

ही मांडणी रेखीव होती, पण अपुरी ठरली. लिओनार्ड सर्ल आणि रॉबर्ट झिन यांनी १९७८ मध्ये आकाशगंगेच्या बाहेरील भागातील गोलाकार तारकागुच्छांचा अभ्यास केला, तेव्हा केंद्रापासूनचे अंतर वाढले तरी त्यांच्यातील जड मूलद्रव्यांचे प्रमाण पद्धतशीर घटताना आढळले नाही. एकसंध मेघाच्या आकुंचनातून अशी रचना संभवत नसल्यामुळे त्यांनी सुचवले की बाहेरील वलय अनेक लहान, स्वतंत्र तुकडे दीर्घ काळ येऊन मिळत गेल्याने घडले असावे.

अदृश्य वस्तुमान आणि दीर्घिकांच्या टकरी

याच दशकात गतीच्या मोजमापांनी आणखी दोन धक्के दिले. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतील व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी प्रतिमा-वर्धक नलिका जोडलेल्या वर्णपटलेखकाने देवयानीतील ६७ तप्त वायुमेघांचे वेग मोजून १९७० मध्ये प्रसिद्ध केले. सूर्यमालेत दूरचे ग्रह संथ फिरतात, त्याप्रमाणे दीर्घिकेच्या तेजस्वी भागाबाहेर वेग कमी व्हावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो केंद्रापासून दूरवर जवळजवळ तेवढाच राहत होता. रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० पर्यंत २१ सर्पिल दीर्घिकांमध्ये हेच दाखवले. हॉलंडमधील अल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ च्या प्रबंधात २१ सेंटिमीटर लहरींच्या साहाय्याने ताऱ्यांच्या कडेपलीकडील विरळ हायड्रोजनचे वेग मोजले, आणि तेथेही आलेख सपाटच राहिला. इतक्या वेगाने फिरणाऱ्या वायूला धरून ठेवण्यास दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण पुरेसे नव्हते. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहाच्या गतींवरून ज्या अदृश्य द्रव्याची शक्यता मांडली होती, ती आता बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य करावी लागली. प्रत्येक दीर्घिका अशा कृष्णद्रव्याच्या विशाल आवरणात वसलेली आहे, आणि तिची वाढ त्या आवरणाच्या गुरुत्वाकर्षणाखाली होते, हे आजच्या सिद्धान्ताचे सूत्र येथून निघते.

दुसरा धक्का लंबगोल दीर्घिकांबाबत होता. त्या परिवलनामुळे चपट्या झाल्या असाव्यात असे गृहीत धरले जात होते. पण इटलीचे फ्रान्सेस्को बेर्तोला आणि मास्सिमो काप्पाचिओली यांनी १९७५ मध्ये अशा एका दीर्घिकेचा वेग मोजला, तेव्हा तो आकार समजावून देण्यास फारच अपुरा निघाला. तिच्यातील तारे एकत्रितपणे न फिरता निरनिराळ्या दिशांच्या कक्षांत धावत होते, आणि एका दिशेतील धावपळ दुसरीपेक्षा अधिक असल्याने आकार लांबट दिसत होता. अशी अव्यवस्था कशी निर्माण होईल याचे उत्तर आलार आणि युरी टूमरे या बंधूंच्या कामात होते. त्यांनी १९७२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवले की दोन दीर्घिका जवळून गेल्या की भरतीच्या बलांमुळे ताऱ्यांच्या लांब शेपट्या आणि पूल तयार होतात, आणि आकाशात दिसणाऱ्या अनेक चमत्कारिक जोड्यांची रूपे त्यांच्या गणितातून हुबेहूब उतरली. समान वजनाच्या दोन तबकड्या एकरूप झाल्या की त्यांची सुसंघटित प्रदक्षिणा मोडते व तारे सैरावैरा कक्षांत जातात, असे अनुमान त्यातून निघाले. पुढे कॅनरी बेटांवरील दुर्बिणीने दीर्घिकेच्या प्रत्येक बिंदूचा वर्णपट एकाच वेळी घेणे शक्य झाल्यावर, जवळच्या २६० लंबगोल व भिंगाकार दीर्घिकांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की त्यांपैकी ८६ टक्के दीर्घिकांत पद्धतशीर परिवलन शिल्लक आहे. खऱ्या अर्थाने संथ असलेल्या थोड्याच आहेत, आणि त्यांत सर्वांत भारदस्त दीर्घिकांचे प्रमाण मोठे आहे. छायाचित्रात सारख्या दिसणाऱ्या दीर्घिकांचे भूतकाळ भिन्न असल्याचे गतीनेच उघड केले.

या संदर्भात कन्या समूहातील एनजीसी ४५५० या दीर्घिकेचे उदाहरण फार बोलके आहे. दिसायला ती एक साधी, शांत तबकडी आहे. पण रुबिन यांनी १९९२ मध्ये सहकाऱ्यांसह तिचे वर्णपट तपासले तेव्हा तिच्यातील जवळजवळ निम्मे तारे एका दिशेने आणि उरलेले निम्मे नेमके उलट दिशेने, त्याच प्रतलात फिरत असल्याचे आढळले. एकाच वायुमेघातून अशी रचना होऊ शकत नाही, कारण विरुद्ध दिशांचा वायू परस्परांवर आदळून लगेच गती गमावतो. म्हणजे त्यांतील एक तबकडी आधी ताऱ्यांत रूपांतरित झाल्यावरच दुसऱ्या दिशेने फिरणारे द्रव्य बाहेरून येऊन पोहोचले असले पाहिजे.

आकाशगंगेचे स्वतःचे चरित्र

सर्ल आणि झिन यांनी कल्पिलेले तुकडे प्रत्यक्ष सापडण्यास १९९४ उजाडले. रॉड्रिगो इबाटा, जेरार्ड गिल्मोर आणि माइक अर्विन हे आकाशगंगेच्या मध्यफुगवट्यातील ताऱ्यांचे वेग मोजत असता, धनू राशीच्या दिशेने काही तारे इतरांपेक्षा वेगळ्या पण आपसांत समान वेगाने जात असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. ते तारे मध्यफुगवट्याचे नव्हते. आकाशगंगेच्या पलीकडच्या बाजूला, भरतीच्या बलांनी ताणून तुटत असलेल्या एका बटू दीर्घिकेचे ते अवशेष होते.

यानंतरचे मोठे पाऊल युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया यानाने टाकले. १९ डिसेंबर २०१३ रोजी सोडलेल्या या यानाच्या २५ एप्रिल २०१८ च्या माहितीसंचात १३० कोटींहून अधिक ताऱ्यांची अंतरे व निजगती आणि सत्तर लाखांहून अधिक ताऱ्यांचे दृष्टिरेषेतील वेग होते. १९६२ च्या अभ्यासाला २२१ ताऱ्यांवर भागवावे लागले होते, हे लक्षात घेता हा विस्तार किती मोठा होता ते कळते. २०१८ मध्येच अमिना हेल्मी यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे व्हॅसिली बेलोकुरोव्ह यांच्या गटाने दाखवले की सूर्याच्या परिसरातील वलयाच्या ताऱ्यांपैकी फार मोठा भाग अतिलांबट कक्षांत फिरतो आणि त्याची रासायनिक घडणही वेगळी आहे. सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी बाल्यावस्थेतील आकाशगंगेवर एक मोठी दीर्घिका येऊन आदळली व तिच्यात विलीन झाली, असा या ताऱ्यांचा अर्थ आहे. गाया-एन्सेलाडस हे नाव तिला मिळाले. एगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेल्या लांबट कक्षांतील अनेक तारे याच परक्या दीर्घिकेतून आलेले होते. त्यांची मोजमापे बरोबर होती. बदलला तो त्यांचा अर्थ.

वायूचा ताळेबंद

ताऱ्यांच्या कक्षा भूतकाळ सांगतात, पण पुढे किती तारे जन्मतील हे वायूच्या साठ्यावर अवलंबून असते, आणि तो साठा प्राचीन काळी किती होता हे दूरच्या दीर्घिकांतच पाहावे लागते, कारण त्यांचा प्रकाश अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला असतो. चिली देशातील युरोपीय महादुर्बिणीने राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटाने २००६ मध्ये सुमारे १,१०० कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेतील वायूचे वेग बिंदुवार मोजले. ती फिरती तबकडीच होती, पण तिच्यातील वायूची खळबळ आजच्या सर्पिल दीर्घिकांच्या मानाने कितीतरी अधिक होती.

थंड हायड्रोजनच्या बाबतीत हे काम महाराष्ट्राच्या भूमीवरून पुढे गेले आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचा, म्हणजे जीएमआरटीचा, एक मूळ हेतूच दूरच्या हायड्रोजनचा शोध हा होता. विश्वाच्या प्रसरणामुळे २१ सेंटिमीटरची लहर वाटेत ताणली जाऊन अधिक लांब होते, आणि अशा लांब लहरींसाठी ही दुर्बीण अनुरूप आहे. एवढ्या दूरच्या एका दीर्घिकेची लहर स्वतंत्रपणे ओळखणे अत्यंत कठीण असते. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधुरी, निस्सिम काणेकर व जयराम चेंगालुर यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील शिव सेठी आणि के. एस. द्वारकानाथ यांच्यासह ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र मिळवले व सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान काढून २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील वायू भरपूर होता, पण तारे इतक्या झपाट्याने बनत होते की बाहेरून नवा पुरवठा झाला नाही तर तो एक ते दोन अब्ज वर्षांत संपला असता. त्या काळानंतर विश्वातील ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग का घसरला, या प्रश्नाला त्यामुळे प्रत्यक्ष मोजमापाचा आधार मिळाला: वायूचा व्यय पुरवठ्यापेक्षा अधिक होत गेला.

या शंभरांहून अधिक वर्षांच्या वाटचालीतून एक निष्कर्ष निःसंशय काढता येतो. केवळ ताऱ्यांवर उभारलेले १९६२ चे चित्र एकाच आकुंचनाचे होते. केवळ वायूचा विचार केला तर दीर्घिका शिस्तीने फिरणाऱ्या तबकड्यांपलीकडे काही वाटत नाहीत. दीर्घिकेत काय येऊन मिसळले ते तारे सांगतात, आणि तिच्यात पुढे काय घडू शकते ते वायू सांगतो; दोघांच्या गती एकत्र वाचल्या तेव्हाच दीर्घिकांच्या उत्क्रांतीचा इतिहास सुसंगत झाला, आणि पुढील काळातही त्यात जी भर पडेल ती याच दोन साक्षींच्या मेळातून पडेल.